टक आणि टुंग: स्टीअरिंगच्या आवाजाच्या नोंदी

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. स्टीअरिंग इलेक्ट्रिक, मोटर वर कॉलमलाच आहे. कामाची जागा म्हणजे नाशिकच्या इंदिरानगरमधलं आमचं सोसायटीचं पार्किंग, वर एकच ट्यूबलाइट. मागच्या वेळी रेडिएटरचं काम केलं तेव्हा कुठला पाइप कुठून काढला हे सहा महिन्यांनी आठवेना, म्हणून यावेळी लिहून ठेवतोय.

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. किमी १,११,४८०

संगमनेरला बायकोच्या माहेरी भाऊबीज करून परत आलो. हायवेला काही म्हणजे काही नाही, सिन्नर कधी गेलं कळलं नाही. घरी आलो, पार्किंगमध्ये खांबाशेजारी गाडी घुसवायला स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि पायापाशी कुठेतरी 'टक'. डावीकडे घेतलं, परत 'टक'. मला वाटलं चाकाखाली खडी आली असेल, उतरून बघितलं तर फरशी स्वच्छ.

बायको मागे सामान काढत होती, ती म्हणाली, "अहो, हे दोन आवाज आहेत. एक कोरडा आहे आणि एक घुमतोय." मी म्हणलं आवाज एकच असतो गं, पार्किंगमध्ये घुमतो तो. लिहून ठेवतोय कारण पुढे हेच माझ्या अंगाशी आलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसला जाऊन येऊन दोन दिवस नुसतं ऐकलं. आवाज कधी येतो: गाडी उभी असताना किंवा एकदम हळू असताना, स्टीअरिंगची दिशा बदलली की. म्हणजे डावीकडे फिरवत फिरवत गेलो तर एकदा येतो आणि गप्प, परत उजवीकडे वळवायला सुरुवात केली की पहिल्याच बोटभर फिरवण्यात 'टक'. स्पीडमध्ये येत असेलही पण टायरच्या आवाजात कळत नाही. स्पीडब्रेकरवर खडखड नाही, आणि आमच्याकडे सध्या खड्ड्यांची टेस्ट वेगळी घ्यायला लागत नाही, सिंहस्थ २०२७ ला आहे आणि रस्ते आत्तापासून उघडून ठेवलेत. खड्ड्यात गाडी आपटली तर जो आवाज यायचा तोच येतो, जास्तीचा काही नाही. त्यामुळे सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे रबरी बुश तूर्तास बाजूला.

इंजिन बंद करून पण फिरवून बघितलं, स्टीअरिंग दगडासारखं जड पण 'टक' आहेच. म्हणजे पॉवर स्टीअरिंगच्या मोटरचा संबंध नसावा. हॉर्न वाजतो, एअरबॅगचा दिवा चालू झाल्यावर विझतो, आवाज स्टीअरिंगच्या चाकाच्या मागून येत नाही, खालून येतो, म्हणजे स्टीअरिंगच्या आतली ती पट्टीची गुंडाळी, क्लॉक स्प्रिंग, तीपण नसावी.

पाथर्डी फाट्याच्या पुढे एक मोकळा प्लॉट आहे, तिथे संध्याकाळी जाऊन स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला ठेवून गोल गोल चकरा मारल्या, आधी डावीकडे मग उजवीकडे, मध्येच ॲक्सिलरेटर दाबून. बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाकडचा सांधा) गेला असेल तर चाकाच्या फिरण्याबरोबर कट-कट-कट-कट असा तालात आवाज येतो, स्पीड वाढवला की ताल वाढतो. तसं काहीच नाही. एका पोराने विचारलं काका गाडी शिकताय का. हो म्हणलं.

१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी गाडी एका गॅरेजला दाखवली. मेकॅनिकने दोनदा स्टीअरिंग हलवलं आणि म्हणाला, "रॅक गेलाय साहेब." रॅक म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा खालचा दात्यांचा दांडा. नवीन रॅक, मजुरी, अलाइनमेंट धरून १६ हजार. मी विचारलं रॅकला काय झालंय, तर म्हणे आत खेळ, म्हणजे ढिलेपणा, आलाय. मग त्याचा हेल्पर म्हणाला आधी पॉवर स्टीअरिंगचं ऑइल टॉपअप करून बघू. या गाडीला स्टीअरिंगचं ऑइल नाहीच, टाकीच नाही, पंपच नाही. तिथे माझा विश्वास उडाला. तसा मेकॅनिकही चुकीचा नव्हता पूर्ण, रॅक हा पण एक संशयित आहेच. पण जॅक न लावता, खाली न वाकता १६ हजाराचा निकाल देणं म्हणजे नाडी न बघता ऑपरेशन सांगणं झालं.

संध्याकाळी दाजींना फोन केला. दाजी सिडकोत राहतात, सातपूरला एका कंपनीत टूलरूमला आयुष्य काढलं, आता रिटायर. म्हणाले, "रॅकबिक राहू दे, आधी गाडी उचलू. उद्या चहा ठेव, येतो."

२ नोव्हेंबर, रविवार

दाजी नऊला आले, बरोबर स्वतःच्या दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि एक पहार. माझ्याकडे घोड्या नाहीत म्हणल्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, घोडीवर बसवायची, हलवून बघायची, मग खाली जायचं.

पुढची दोन्ही चाकं अधांतरी करून एकेक बघत गेलो. चाक वरून-खालून धरून हलवलं, बॉल जॉइंट आणि बेअरिंग टाइट. डावी-उजवी बाजू धरून हलवलं, टाय रॉड एंडला खेळ नाही. मी चाक हलवत असताना दाजींनी रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हाताने दाबून आतला रॅक एंड चाचपला, तोही ठीक. बूट कोरडे, फाटलेले नाहीत. एक्सलचे बूट शाबूत, रिमच्या आतून ग्रीस उडालेलं नाही. लोअर आर्मला पहार लावून दाबलं, बुश जुने झालेत पण सुटलेले नाहीत.

आणि गंमत म्हणजे चाकं हवेत असताना स्टीअरिंग फिरवलं तर आवाज जवळजवळ येतच नाही. दाजी म्हणाले वजन नाहीये ना आता, जे काही आहे ते लोड आल्यावरच सरकतंय. म्हणून गाडी खाली घेतली, मी आत बसून स्टीअरिंग डावी-उजवी करतोय, दाजींनी चाकाच्या वरच्या फटीतून हात घालून डाव्या शॉकअपच्या स्प्रिंगवर पंजा ठेवला.

"अरे, ये इकडे. तू ठेव हात."

मी हात ठेवला, दाजींनी स्टीअरिंग फिरवलं. स्प्रिंग हाताखाली पिळत जाते, पिळत जाते, आणि मग एकदम सुटते, 'टुंग'. बोटांना झिणझिण्या आल्या. उजवीकडची स्प्रिंग मात्र शॉकअपसकट गुपचूप फिरते. म्हणजे डाव्या शॉकअपच्या वरचं माउंटिंग, त्यात जे बेअरिंग असतं ते अडकतंय. बेअरिंगने फिरायला पाहिजे, ते फिरत नाही म्हणून स्प्रिंग घड्याळाच्या चावीसारखी आवळत जाते आणि शेवटी उसळी मारून जागेवर येते. बॉनेट उघडून वरचा नट बघितला तर तोपण उसळताना दिसतो.

मी इतका खूश झालो की बाहेरून मिसळ मागवली. रॅकचे १६ हजार वाचले असं दाजींना तीन वेळा सांगितलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज त्रिपुरारी पौर्णिमा, गोदाघाटावर दिवे बघायला जायचं ठरलेलं, त्यामुळे गाडीचं काम नाही. पार्किंग मिळेपर्यंत पंचवटीत चार वेळा गाडी वळवली आणि चारही वेळा टक-टुंग. बायको म्हणाली बघा, आधी कोरडा वाजतो, मग घुमणारा. मी म्हणलं माउंटिंग बदललं की दोन्ही जातील.

८ नोव्हेंबर, शनिवार

द्वारकेजवळच्या स्पेअरच्या दुकानातून दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग आणली, एका बाजूचे ८५० रुपये. एकच बदलावं का असं डोक्यात होतं, पण दोन्ही एकाच वयाची, आणि खोलायचा ताप तोच, म्हणून जोडी घेतली. दुकानदार म्हणाला शॉकअप पण टाकून घ्या हातासरशी. शॉकअप गळत नाहीत, गाडी दाबून सोडली की एकदा वर येऊन थांबते, त्यामुळे नको म्हणलं.

९ नोव्हेंबर, रविवार

डावा शॉकअप काढला, मग तसाच उजवा. ब्रेकच्या पाइपची क्लिप, एबीएसची वायर, लिंक रॉडचा नट, मग खालचे दोन मोठे बोल्ट आणि सगळ्यात शेवटी वरचे नट. बोल्ट काढायच्या आधी त्यांच्या डोक्याभोवती आणि पट्टीवर खडूने खूण केली कारण तिथे भोकात थोडी जागा असते आणि तेवढ्याने चाकाचा कोन बदलतो. लिंक रॉडच्या नटाने एक तास खाल्ला. गंजलेला, आणि नट फिरवला की आतला बॉल पण बरोबर फिरतो. शेवटी मागून पाना लावून धरला तेव्हा सुटला.

माउंटिंग बदलायला स्प्रिंग दाबून धरावी लागते, ती मी स्वतः दाबली नाही. ते दोन हुकांचे भाड्याचे कॉम्प्रेसर मिळतात पण आवळलेली स्प्रिंग हातातून सुटली तर जबडा घेऊन जाते, हे दाजींनी कंपनीत एकदा बघितलंय. दोन्ही शॉकअप स्कूटरच्या फूटबोर्डवर टाकून द्वारकेला नेले, तिथे शॉकअपवाल्याकडे प्रेस आहे, ३०० रुपयांत दोन्हीचं माउंटिंग बदलून दिलं.

जुनं डावं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर आत वाळू दळल्यासारखं. एका जागी तर अडतंच, जोर लावला की पुढे उडी मारतं. रबराला तिन्ही बाजूंनी चिरा. उजवं त्या मानाने बरं, पण तेही कोरडं ठाक. म्हणजे निदान बरोबर होतं, यात वाद नाही.

अंधार पडेपर्यंत सगळं बसवलं, खालचे बोल्ट ९५ न्यूटन मीटरला, खुणांवर आणून. गाडी खाली घेतली, आत बसलो, स्टीअरिंग फिरवलं. 'टुंग' गेला, एकदम गेला.

'टक' आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस गाडी चालवतोय आणि रोज स्वतःला समजावतोय की नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागेल. काही बसत नाहीये. उलट टुंग गेल्यामुळे टक आता स्वच्छ ऐकू येतो, कोरडा, बारीक, छोट्या हातोडीने लोखंडावर एकदा टिचकी मारल्यासारखा. आधी पहिल्या नोंदीत बायकोचं वाक्य लिहिलंय ते परत वाचलं. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग? दोन म्हणलं होतं ना."

आता परत पहिल्यापासून. मोबाइल कुठे कुठे ठेवून रेकॉर्डिंग केलं: एकदा बॉनेटखाली डाव्या माउंटिंगजवळ, एकदा उजव्या, एकदा रॅकच्या वर फडक्यात गुंडाळून, एकदा आत क्लचच्या पेडलपाशी. बॉनेटखालच्या तिन्ही रेकॉर्डिंगमध्ये आवाज सारखाच. लोखंडातून आवाज असा पळतो की कुठेही कान लावला तरी तिथलाच वाटतो. पण पेडलपाशी ठेवलेल्या मोबाइलमध्ये तो सगळ्यात मोठा. आणि अजून एक गोष्ट, जी पहिल्या दिवसापासून हातात होती आणि मी लक्षच दिलं नाही: टक झाला की तो स्टीअरिंगच्या चाकातून तळहाताला जाणवतो. टुंग पायाला जाणवायचा, फ्लोअरमधून. टक हाताला.

दाजींना फोन करून एवढंच सांगितलं. ते दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "गाडीचा क्लच कधी केला होतास तू?"

जूनमध्ये. १,०७,९०० ला.

"गिअरबॉक्स उतरवायला खालची फ्रेम सोडली असणार त्यांनी. फ्रेमला रॅक. रॅकला स्टीअरिंगचा दांडा. तो जोड सोडल्याशिवाय फ्रेम खाली येत नाही. रविवारी बघू, तोपर्यंत लांब जाऊ नकोस."

१६ नोव्हेंबर, रविवार. सापडलं

ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवली, कार्पेट दुमडलं, दांड्याच्या तळाला एक प्लास्टिकचं कव्हर आहे, दोन क्लिपा, ते काढलं. मग मी उलटा झोपलो, पाय सीटच्या पाठीवर, डोकं पेडलखाली, तोंडात टॉर्च. या वयात अशी आसनं करायची वेळ येऊ नये, पण बसून तिथलं दिसतच नाही.

रचना अशी आहे. वरून स्टीअरिंग कॉलम येतो, त्याला क्रॉस जॉइंट, मग एक आखूड दांडा, परत क्रॉस जॉइंट, आणि त्या खालच्या जॉइंटचा जबडा रॅकमधून वर आलेल्या शाफ्टवर बसतो. शाफ्टला उभे दाते आहेत, जबड्याच्या आत तसेच दाते. जबड्याला एका बाजूने चीर, आणि त्या चिरेला आरपार एक बोल्ट. बोल्ट आवळला की चीर मिटते आणि जबडा शाफ्टला घट्ट पकडतो. शाफ्टला त्याच उंचीवर भोवती एक खाच असते, बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो, म्हणजे पकड ढिली झाली तरी जबडा वर निसटून येऊ नये. एकच बोल्ट, पण कामं दोन.

ताई बाहेरून स्टीअरिंग फिरवत होती (दाजी म्हणाले माझे गुडघे आत येणार नाहीत). मी आधी वरच्या क्रॉसवर बोट ठेवलं, काही नाही. मधल्या दांड्यावर, काही नाही, म्हणजे टक जाणवतो पण हलत काही नाही. मग तर्जनी अशी ठेवली की अर्धं बोट जबड्यावर आणि अर्धं खालच्या शाफ्टवर. ताईला म्हणलं अगदी हळू, बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे.

बोटाखाली आधी वरचं हललं. मग टक. मग खालचं हललं.

केसाएवढा फरक, डोळ्याला दिसणार नाही इतका, पण बोटाच्या कातडीला लख्ख कळला. मी आतूनच ओरडलो आणि डोकं ब्रेकच्या पेडलवर आपटलं.

बोल्टला १२ चा पाना लावला तर मनगटाच्या जोरावर पाव फेरा फिरला. हा बोल्ट असा फिरताच कामा नये. जबड्याच्या चिरेत आणि दात्यांच्या कडेला तपकिरी लाल भुकटी साठलेली, काडीने खरवडली तर हळदी-कुंकवातल्या कुंकवासारखी खाली पडली. दोन लोखंडं एकमेकांवर बारीक बारीक घासत राहिली की अशी भुकटी होते, दाजी म्हणाले कंपनीत ढिल्या कपलिंगला नेहमी बघायचो.

तिथेच थांबलो. गाडी हलवायची नाही. इतके दिवस या बोल्टच्या भरवशावर संगमनेरला जाऊन आलो, पोरं मागे बसलेली, हायवेला १०० ने.

बोल्ट काढायच्या आधी चाकं सरळ केली, बॅटरीचा निगेटिव्ह काढला, आणि स्टीअरिंगचं चाक सीटबेल्टने सीटला बांधून टाकलं. दांडा सुटल्यावर वरचं चाक मोकळं होतं, चुकून दोन-तीन फेरे फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग तुटते आणि मग एअरबॅगचा दिवा आणि नवीन खर्च. जबड्यावर आणि शाफ्टवर एका रेषेत नेलपेंटने खूण, बायकोचं, विचारून घेतलं.

बोल्ट बाहेर आला आणि दाजींनी तो चष्मा वर करून डोळ्यांपाशी धरला. डोक्यावर मजबुतीचा आकडा छापलेला नाही, ८.८ नाही, १०.९ नाही, कोरं डोकं. आणि डोक्यापासून टोकापर्यंत आटेच आटे. अशा जागचा बोल्ट मधे गुळगुळीत मानेचा असतो, ती मान शाफ्टच्या खाचेत बसते, आटे फक्त शेवटी. इथे खाचेत आटे बसलेले, आणि जिथे शाफ्ट घासायचा तिथे चार आटे चपटे होऊन आरशासारखे चकाकत होते. बाकीचा बोल्ट काळपट.

म्हणजे जूनमध्ये क्लचच्या वेळी मूळ बोल्ट कुठेतरी हरवला किंवा खराब झाला, आणि गॅरेजच्या डब्यातला जाडीला जुळणारा दिसला तो टाकला. हलक्या लोखंडाचा, आवळल्यावर ताणला गेला, पकड सुटत गेली, चार महिन्यांत टक. मुद्दाम कोणी केलं असं मी म्हणत नाही. संध्याकाळी सात वाजता गाडी द्यायचीय, गिऱ्हाईक फोन करतंय, तो मीच होतो, मीच तीन फोन केले होते. पण डब्यातला बोल्ट सीटला चालतो, बंपरला चालतो. इथे नाही चालत हो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

स्कूटरवर ऑफिस. येताना अंबडला फास्टनरच्या दुकानात गेलो, जुना बोल्ट दाखवला. १०.९ चा त्याच जाडीचा बोल्ट १२ रुपये. हातात घेतला, वजनदार, डोक्यावर छाप, मोह झालाच, आज रात्री बसवून उद्या गाडी रस्त्यावर. दाजींना फोटो पाठवला. उत्तर आलं: "मान किती लांब? खाचेची रुंदी मोजलीस? नाही ना. मग ठेव खाली." ठेवला खाली.

कंपनीच्या पार्ट काउंटरला जाऊन गाडीचा चासी नंबर दिला, त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र काढलं, त्यात तो बोल्ट वेगळ्या पार्ट नंबरने आहे. ६८ रुपये, तीन दिवस लागतील. काउंटरवरचा मुलगा म्हणाला हा बोल्ट कोणी मागत नाही सहसा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

बोल्ट आला. जेवणाच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवले. नवीन बोल्टची मान मधे गुळगुळीत, आट्यांवर निळसर सुकलेला डिंक आहे, आवळल्यावर सुटू नये म्हणून. मुलगी म्हणाली सारखेच तर आहेत. तिला दोन्ही बोल्टच्या मधल्या भागावरून बोट फिरवायला लावलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आधी जबडा वर सरकवून दाते तपासले, ही खरी भीती होती. दाते खाल्ले असते तर तो दांडा बदलायचा आणि रॅकच्या शाफ्टचे गेले असते तर मेकॅनिकचे १६ हजार खरे झाले असते. वायर ब्रशने भुकटी साफ केली, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, टॉर्च मारून एकेक दाता बघितला. कडा शाबूत. बोल्टशिवाय जबडा नुसता बसवून हाताने हलवला तर अगदी किंचित खेळ, तो चीर मिटल्यावर जायला पाहिजे.

ग्रीस लावलं नाही, ही पकडायची जागा आहे, घसरायची नाही. नेलपेंटच्या खुणा जुळवल्या, जबडा खाली बसवला, खाच भोकासमोर आली का ते खिळा घालून बघितलं. मग बोल्ट. पहिले आटे हाताने, पान्याने नाही, तिरका गेला तर जबड्याचे आटे जातात. मॅन्युअलमध्ये २५ न्यूटन मीटर दिलंय, टॉर्क रेंच त्या अरुंद जागेत तिरका शिरतो, तीन वेळा गोटी (सॉकेट) निसटली, चौथ्या वेळी 'कट्' करून रेंच बोलला. या घरात त्या दिवशी ऐकलेला एकमेव आवडता आवाज.

मग बोल्टच्या डोक्यावरून जबड्यावर अशी पांढऱ्या पेंटने एक आडवी रेघ मारली. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटेल आणि उलटं न झोपता टॉर्चने दिसेल.

बॅटरी लावली, सीटबेल्ट सोडला. दाजी आत बसले, मी परत खाली, तेच बोट, तीच जागा. डावीकडे, उजवीकडे. वरचं आणि खालचं एकदम हलतं, एकच लोखंड असल्यासारखं. इंजिन चालू करून, बंद करून, गाडी वजनावर, पूर्ण लॉक ते लॉक, दहा वेळा.

काही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुंबई नाक्याजवळ अलाइनमेंट करून घेतलं, शॉकअप काढलेले होते म्हणून करायचंच होतं. टो, म्हणजे पुढच्या चाकांची दिशा, थोडा बाहेर होता, सरळ केला. तिथल्या माणसाला गंमत म्हणून सगळी गोष्ट सांगितली, तो म्हणाला साहेब आमच्याकडे येतात त्यात अर्धे लोक रॅक बदलून येतात आणि आवाज तसाच घेऊन जातात. अर्धे हा आकडा त्याचा.

खर्च: माउंटिंग १,७००, प्रेस ३००, अलाइनमेंट ४००, बोल्ट ६८. दाजींची मिसळ वेगळी, ती दोनदा झाली.

क्लच केलेल्या गॅरेजला जाऊन जुना बोल्ट दाखवला. मालकाने बराच वेळ हातात फिरवला, म्हणाला पोरगा होता एक, गेला सोडून. मग म्हणाला हा बोल्ट माझ्याकडे ठेवू का, पोरांना दाखवायला. दिला.

१४ डिसेंबर, रविवार. किमी १,१२,३९०

थंडी सुरू झालीय, सकाळी गाडी गार असते तेव्हा रबर कडक असतं, आवाज यायचा असेल तर आत्ता येईल म्हणून मुद्दाम सहाला खाली गेलो. खांबाशेजारून गाडी काढली, पूर्ण उजवीकडे, पूर्ण डावीकडे. बायको स्वेटर घालून बाल्कनीत उभी होती, वरून विचारलं किती आवाज. शून्य म्हणलं. तिने मान डोलावली आणि आत गेली.

मग कव्हर काढून टॉर्च मारला. पांढरी रेघ सलग आहे.